आकार थोरल्याचा, अंग गारगोटीचं

बोलतोय तो मी, कप्पा नंबर चौदामधला. वरून तिसरी रांग, खिडकीच्या बाजूने. जात लगेच सांगत नाही, कारण त्या जातीवरूनच सगळी भानगड झाली.

दिसायला मी झकास आहे, हे मात्र आधीच सांगून टाकतो. दगडाने विनय दाखवून काय मिळवायचं? तळहाताएवढा तुकडा, आणि त्यावर एकमेकांत शिरलेले नऊ चौकोनी घन. खेळातल्या फाशांसारखे. कडा ताठ, कोपरे जिथल्या तिथे. रंग फिकट राखाडी. जो येतो तो विचारतो, "हे कापलं कुणी?" अहो, कुणी कापलं नाही. मी असाच आहे. म्हणजे मी असा नाही, थोरला असा होता. थांबा, नीट सांगतो.

माझ्या आधी माझ्या जागी दुसरा होता. त्याला मी थोरला म्हणतो. खडकातल्या एका पोकळीत, गरम पाण्यातून तो कणाकणाने वाढला. फ्लोराइट त्याचं नाव. जांभळा, नितळ, काचेसारखा गुळगुळीत. घन बांधावेत तर त्याने! मग कधीतरी झऱ्याचं पाणी बदललं. त्या नव्या पाण्यात थोरला विरघळू लागला आणि त्याच पाण्यातून मी येऊ लागलो. त्याने एक कण सोडायचा, मी तिथे एक कण बसवायचा. तो गेला इतका सावकाश आणि मी आलो इतका बेताने, की एक कड हलली नाही की एक कोपरा ढासळला नाही. किती वर्षं लागली ते विचारू नका, मी मोजायचं सोडून दिलं होतं. शेवटी थोरला सगळा गेला. त्याचे घन मात्र तसेच उभे राहिले, आणि आत मी.

माझी जात क्वार्ट्झची. पुस्तकातलं नाव क्वार्ट्झ, रस्त्यावरचं नाव गारगोटी. माझ्या मनाने वाढलो असतो तर सहा बाजूंचा, टोकदार खडा झालो असतो. घन बांधायची अक्कल आमच्या घराण्यात नाही. तो आकार थोरल्याचा, मी नुसता सांभाळला. पण सांभाळला हो, अगदी नेटाने! त्याचा मला फार अभिमान आहे.

मी उजेडात आलो तो खाणीतल्या एका सुरुंगाने. सुरुंग लावणारा माणूस वयस्कर होता. धूळ खाली बसल्यावर तो पुढे आला, मला बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून मला तीत ठेवलं. त्याच दिवशी कॉलेजची मुलं खाण बघायला आली होती, सोबत त्यांचे सर.

"साहेब, हे बघा काय निघालं," तो म्हणाला. "फोडायला हात होईना."

सरांचे तेव्हा केस काळे होते. त्यांनी मला उचललं आणि ते बोलायचेच थांबले. जो माणूस वर्गात तास संपल्याची घंटा झाली तरी थांबत नाही, तो थांबला! मग मुलांकडे वळून म्हणाले, "घन बघा, घन! फ्लोराइट आहे. असा नमुना आयुष्यात एकदा मिळतो."

झालं. तेवढ्यावर माझं बारसं उरकलं. कप्प्यात पांढरी चिठ्ठी आली, "फ्लोराइट. उत्कृष्ट घन." तिच्या शेजारी सरांनी स्वतः एक लाल चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, "ओरखडू नये."

आता ही लाल चिठ्ठी काय प्रकरण आहे ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. खनिजांच्या खोलीत दगड ओळखायची साधी रीत आहे. आधी डोळ्यांनी बघायचं, मग तळहातावर तोलायचं, मग ओरखडून बघायचं. फ्लोराइट मऊ असतो, चाकूने त्याच्यावर रेघ पडते. क्वार्ट्झ टणक, चाकू त्याच्यावरून घसरतो, उलट क्वार्ट्झच काचेवर रेघ मारतो. दोन मिनिटांचं काम. पण मी पडलो देखणा! माझ्यावर ओरखडा कोण पाडू देणार? कुरूप दगडांना सगळे खुशाल चाकू लावायचे, माझ्या वाट्याला नुसती वाहवा. लाल चिठ्ठी होती म्हणून तीस वर्षं मला कुणी तपासलं नाही, आणि तपासलं नाही म्हणून तीस वर्षं मी फ्लोराइट राहिलो.

मुलं यायची, वह्या उघडायची, वरच्या वर्गातल्यांनी सांगितलेलं घोकायची. "चौकोनी दिसला की फ्लोराइट, डोळे मिटून लिही." आणि खरंच डोळे मिटून लिहायची की! माझा कठीणपणा किती, तर दहापैकी चार. कुठून आणला चार? पुस्तकातून. एक मुलगी तर माझ्याकडे न बघताच माझं चित्र काढून गेली, वर तिला शाबासकी मिळाली. मुलाला काही येईना की सर ओरडायचे, "अरे, किती दगड आहेस!" तेव्हा आम्ही शंभर जण कप्प्यांतून एकमेकांकडे बघायचो. आम्हाला वाईट वाटायचं.

मला हातात घेऊन खरोखर बघणारा एकच माणूस होता. प्रयोगशाळेतले काका. सगळं कॉलेज त्यांना काकाच म्हणायचं, सरसुद्धा. कप्पे पुसणं, नमुने मांडणं, काचपट्ट्या धुणं, आम्लाच्या बाटल्या भरणं ही त्यांची कामं. दाढीच्या जुन्या ब्रशने ते आमची धूळ झटकायचे आणि प्रत्येकाशी बोलायचे. "काय रे, कालच्या पोराने पाडलं का तुला? लागलं का फार?"

माझ्यावर त्यांचा अंगठा फिरायचा आणि थबकायचा. शेजारच्या कप्प्यात एक खराखुरा फ्लोराइट आहे, गुळगुळीत. माझं अंग बारीक दाणेदार. ते एकदा त्याला उचलायचे, एकदा मला. "तू हलका कसा रे?" असं पुटपुटायचे. एके दिवशी त्यांनी माझ्याखालची पांढरी चिठ्ठी काढली, कानामागची पेन्सिल घेतली, चिठ्ठीच्या मागे काहीतरी लिहिलं आणि ती परत होती तशी ठेवली. मी बसतो चिठ्ठीवर. मागचं मला कुठून दिसणार?

मग एका हिवाळ्यात काका यायचे बंद झाले. आधी आजारी म्हणून, मग कायमचे.

त्यांच्या जागेवर त्यांची मुलगी आली. अंगात त्यांचाच कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. खिशात तोच ब्रश. पहिल्या दिवशी सर मागे न बघता म्हणाले, "काका, सातव्या कप्प्याची किल्ली द्या," आणि जीभ चावली. तिने किल्ली दिली. सवय काही जाईना, सगळेच चुकायचे, चुकून हसायचे. शेवटी चोवीस वर्षांच्या त्या मुलीला सगळं कॉलेज काका म्हणू लागलं. तिनेही ओ द्यायला सुरुवात केली.

नोकरी मिळाली होती खरी, पण अटीवर. तीन वर्षांत खनिजांची पदविका पास झाली तर सहायक म्हणून कायम. नाही झाली तर जागा दुसऱ्याला, आणि जागेबरोबर इमारतीमागच्या दोन खोल्याही दुसऱ्याला. त्या खोल्यांत तिची आई होती, शिवणयंत्र होतं, काकांच्या चपला अजून दाराशी होत्या. हे मला ठाऊक, कारण तिने वडिलांचा आणखी एक वारसा घेतला होता. ब्रश फिरवताना तीही आमच्याशी बोलायची.

"आई म्हणते, चपला उचल आता. मी म्हटलं, आधी पास होऊ दे."

काय अभ्यास केला हो त्या पोरीने! दिवसभर मुलांची उसाभर, आणि मुलं गेली की एकेक कप्पा उघडून बसायची. लेखी परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. प्रात्यक्षिक दोनदा हुकलं. दोन्ही वेळा घाई झाली आणि येत होतं तेही चुकलं. आता तिसरं वर्ष, शेवटची खेप. दहा दगड ओळखायचे, सात बरोबर आले की पास.

परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या. ठेंगण्या, चष्मा साखळीला अडकवलेला, बोलणं मोजकं. इथले सगळे नमुने ही मुलगी रोज पुसते, म्हणून दगड त्यांनी आपले आणले होते. एका पेटीत नऊ. दहावा इथला ठेवायची रीत होती. तो निवडायचा सरांनी.

सरांचे केस एव्हाना पांढरे झाले होते. ते कप्प्यांसमोर फिरले आणि चौदा नंबरशी थांबले. चिठ्ठ्या कप्प्यातच ठेवून त्यांनी मला उचललं. मला कळलं ते काय करतायत. त्यांना तिला एक हक्काचा दगड द्यायचा होता. काकांची मुलगी, जिने माझ्या चिठ्ठीवरची धूळ शंभरदा झटकली, ती फ्लोराइट नाही लिहिणार तर काय लिहिणार? माणूस कडक खरा, पण मनाने लोणी. तेवढ्यासाठी मी त्यांना आजही मानतो.

ती आली. कोटाच्या बाह्या दुमडल्या, पहिला दगड उचलला. मी दहाव्या नंबरवर बसून सगळं बघत होतो. आधीचे काही झटकन झाले. पाचव्याशी अडखळली, लिहिलं, खोडलं. आठवा तर तिने तीन वेळा ठेवला आणि तीन वेळा उचलला. माझा जीव टांगणीला लागला होता.

मग ती माझ्याकडे आली आणि हसली. ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतात तसं. पेन घेतलं. "फ" लिहिला.

आणि थांबली.

तिचा अंगठा माझ्या अंगावरून फिरला. बापासारखाच. तिने मला तळहातावर तोललं, भिंगाखाली धरलं, वेळ बघितली. वेळ फार नव्हता. मी मनातल्या मनात ओरडत होतो, "अगं लिही फ्लोराइट आणि हो मोकळी! तीस वर्षं सगळे लिहीत आले, तुझं एकटीचं काय अडलंय?" खोटं कशाला बोलू, खरं नाव कळावं असं तीस वर्षं वाटत होतं, पण त्या घटकेला मला त्या दोन खोल्या दिसत होत्या.

तिने काचपट्टी पुढे ओढली. मला ओरखडायची तिची छाती नव्हती, लाल चिठ्ठी तिला पाठ होती. म्हणून तिने उलटं केलं. माझा एक कोपरा काचेवर टेकवला, दाबला आणि ओढला. कर्र आवाज झाला. फुंकर मारून, बोट ओलं करून तिने काच पुसली. रेघ पुसली गेली नाही.

ती त्या रेघेकडे बघत राहिली. मग "फ" खोडला आणि लिहिलं, "क्वार्ट्झ. आकार फ्लोराइटचा, पण काचेवर रेघ पडते."

पेपर तपासायला सर आणि मॅडम शेजारी शेजारी बसले. ती दाराशी उभी. नऊ दगडांत सहा बरोबर निघाले. पास व्हायला एक दगड कमी, आणि उरला होता मी. सरांनी दहावं उत्तर वाचलं, पुन्हा वाचलं आणि लाल फुली मारली. इतकी जोरात, की कागद फाटला.

"अगं, हा सोडून दुसरा कुठलाही चुकला असता तर चाललं असतं!" सरांचा आवाज चढला. पण तो रागाचा नव्हता, दुखावलेल्याचा होता. "रोज पुसतेस ना याला? चिठ्ठी वाचता येत नाही तुला?"

"येते, सर."

"मग?"

"काचेवर रेघ पडली, सर."

"म्हणजे तू याला ओरखडलंस? लाल चिठ्ठी असताना?"

"याला नाही, सर. काचेला."

मॅडम पुढे वाकल्या. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, काचपट्टी उचलली, उजेडात तिरपी धरली आणि सरांपुढे ठेवली. "मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "दगड तुमचा आहे. तुम्हीच बघा."

सर उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडे. मला वाटलं, संपलं. तीस वर्षांत हजारभर मुलांना ज्याने हे नाव घोकायला लावलं, तो आता एका काचेच्या रेघेपुढे मान तुकवणार आहे थोडाच!

ते परत आले तेव्हा हातात त्यांचा खिशातला चाकू होता. त्यांनी मला उचललं. टोपीतून उचललं होतं तसंच, दोन्ही हातांनी. चाकूचं टोक माझ्या घनावर ठेवलं आणि क्षणभर डोळे मिटून ओढलं. चाकू घसरला. पुन्हा ओढला. माझ्यावर पोलादाची चमकदार खूण उमटली, बोटाने पुसली की गेली. ओरखडा नाही.

सर खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी खाणीतल्या त्या दिवसानंतर बघितलं नव्हतं.

"म्हणजे फ्लोराइट गेला, क्वार्ट्झ आला, आणि घन राहिले," ते स्वतःशीच म्हणाले. "अरे, हा तर त्याहून भारी निघाला!"

भारी! तीस वर्षं वाहवा ऐकली, पण ती थोरल्याची होती. हे एक पहिल्यांदा माझं. मॅडमनी सांगितलं की पुस्तकात आमच्यासारख्यांना एक जड नाव आहे, त्याचा अर्थ खोटा आकार. खोटा? मी कुणाला कधी फसवलं? मला राग आला होता, पण त्या मुलीकडे बघून गिळला.

सरांनी फुलीवर बरोबरची खूण केली, सही केली, मॅडमनी खाली केली. सात. ती दाराला टेकली आणि कोटाच्या बाहीत तोंड लपवून रडली.

"रडतेस काय? नवी चिठ्ठी लिही याची," सर म्हणाले. त्यांनी कप्प्यातली लाल चिठ्ठी नखाने खरवडून काढली. मग पांढरी उचलली आणि सहज उलटी केली.

मागे पेन्सिलीची अक्षरं होती. पुसट झालेली, पण वाचता येणारी. तारीख वीस वर्षांपूर्वीची. सरांनी वाचून दाखवलं. "हाताला साखरेसारखा लागतो. हलका आहे. फ्लोराइट वाटत नाही. सरांना विचारायचं."

"मला विचारलं का नाही मग?" सर म्हणाले. "इतकी वर्षं रोज समोर होतो मी. काका, विचारलं का नाहीत?"

ते चिठ्ठीशीच बोलत होते. उत्तर मुलीने दिलं, अगदी हळू. "बाबा म्हणायचे, सरांना सगळं माहीत असतं."

सरांनी चिठ्ठी खिशात ठेवली. अजून ती त्यांच्याकडेच आहे.

नवी चिठ्ठी तिने तिथेच बसून लिहिली. "क्वार्ट्झ. फ्लोराइटची जागा घेतलेला. घन मूळचे." आमच्या चिठ्ठीवर खाली एक रकाना असतो, "ओळख पटवली". तिथे तिने लिहिलं, "काका". सर म्हणाले, कुठले काका, थोरले की धाकटे? ती म्हणाली, दोन्ही. मग सरांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात ओळ घातली, "तीस वर्षं चुकीचं शिकवलं," आणि सही ठोकली. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

दाराशी असलेल्या चपला त्या संध्याकाळी उचलल्या गेल्या. तिनेच दुसऱ्या दिवशी ब्रश फिरवताना सांगितलं. कोट अजून तोच आहे. बाह्या आता ती दुमडत नाही, आईने यंत्रावर आखूड करून दिल्यात.

माझं म्हणाल तर मजेत चाललंय. लाल चिठ्ठी गेल्यापासून मुलं मला यथेच्छ हाताळतात. माझ्या शेजारी ती काचपट्टी ठेवली आहे, तिच्यावर आता पन्नासेक रेघा झाल्यात. पहिल्या रेघेभोवती पेन्सिलीने गोल काढलाय. एखादा कोपरा झिजेल माझा, झिजू दे. कोपरे जपून ठेवल्याने तीस वर्षांत काय भलं झालं ते बघितलंच तुम्ही.

तेव्हा कधी या खोलीत आलात तर चिठ्ठी नंतर वाचा. आधी मला उचला, तोलून बघा, अंगठा फिरवा, काचेवर एक रेघ मारा. शंका आली तर विचारा, मनात ठेवू नका. आणि घन आवडले तर वाहवा माझी करू नका. ते थोरल्याचे आहेत.